एका नावाखाली सगळं

६ मे २०१३, सोमवार

लिम अंकल आज रिटायर झाले. एक मग, एक कुंडी आणि वर्षानुवर्षं लिहून ठेवलेला कोड एवढंच त्यांचं सामान. मग आणि कुंडी ते घेऊन गेले, कोड माझ्या गळ्यात.

जाताना लिफ्टपाशी म्हणाले, "वैशाली, यू सो नीट, आह. यू क्लीन, क्लीन, क्लीन. लेटर दे डोन्ट नीड यू लाह." मी हसले. ज्या माणसाने प्रत्येक गोष्टीला 'डेटा', 'टेम्प' आणि 'टेम्प टू' अशी नावं ठेवली त्याने मला नीटनेटकेपणावर सल्ला द्यावा!

केल्विनने, म्हणजे आमच्या बॉसने, शेवटी साफसफाईला होकार दिला. गेल्या आठवड्यातल्या भानगडीनंतर नाही म्हणायची सोयच नव्हती. ब्राउझरमध्ये सगळ्या फायली एकाच खोलीत राहतात. अंकलच्या फाईलमध्ये 'रिसेट' नावाचं फंक्शन, काम फॉर्म कोरा करायचं. दुसऱ्या कुणाच्या फाईलमध्येही 'रिसेट', काम बुकिंग रद्द करायचं. नंतर येते तिचं खरं. गिऱ्हाइकाने फॉर्म कोरा करायला बटण दाबलं आणि त्याचं कंटेनरचं बुकिंगच उडालं. बंदरावर बोंबाबोंब, इकडे मीटिंगा.

आता सगळं एका नावाखाली आणायचं. नाव ठरलं: डॉक.

९ मे, गुरुवार

जेवताना नवऱ्याने, संदीपने, विचारलं, नक्की करतेस काय. किती दिवसांनी विचारलं! म्हटलं, मिसळणाचा डबा समज. आधी हळद, मोहरी, जिरं सगळं ओट्यावर उघडं पडलेलं, एकमेकांत मिसळत होतं. आता एक मोठा डबा, आत प्रत्येकाची वाटी. डॉकमध्ये बुकिंगची वाटी, दरांची वाटी, पत्त्यांची वाटी. दोन वाट्यांत एकाच नावाची गोष्ट असली तरी भांडण नाही.

"आणि डबाच हातातून पडला तर?"

"पडत नाही."

फिजिक्सचा मास्तर तो, प्रश्न विचारल्याशिवाय घास उतरत नाही. पण बरं वाटलं. हल्ली तो फक्त भाजी काय करू एवढंच विचारतो.

१४ मे, मंगळवार

झकास दिवस. बुकिंग आणि दर, दोन्ही डॉकमध्ये. प्रत्येक फाईलच्या डोक्यावर एकच ओळ:

var DOCK = DOCK || {};

डबा असेल तर तोच घे, नसेल तर नवा आण. कुठली फाईल आधी येईल याची काळजी नको. एवढीशी ओळ, पण सगळा डोलारा तिच्यावर. सेरांगून स्टेशनवर गाडी बदलताना चक्क गुणगुणत होते. पलीकडच्या बाईने सरकून जागा दिली, बहुतेक घाबरून.

२० मे, सोमवार

जुलैअखेर माझा पास, म्हणजे इथे काम करायची परवानगी, संपतोय. दुपारी एम्प्लॉयमेंट पासच्या वेबसाइटवर सगळं वाचून काढलं. माझा ईपी, त्याखाली संदीप आणि लेक इरा यांचे डिपेंडंट पास. माझा गेला की त्यांचे वेगळे रद्द करावे लागत नाहीत. आपोआप जातात.

असा कोड कुणी लिहिला असता तर मी परत पाठवला असता. सगळं एकाच नावावर टांगू नकोस म्हटलं असतं. पण डॉकमध्ये तरी मी वेगळं काय करतेय?

केल्विनला रिन्युअलचं विचारलं. "फिनिश द क्लीनिंग फर्स्ट, देन वुई सी." वुई सी. या देशात 'वुई सी' म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही.

२४ मे, शुक्रवार

वेसाक डेची, म्हणजे बुद्धपौर्णिमेची, सुट्टी. सकाळी तिघं वॉटरवेवर, कालव्याकाठी, चालून आलो. सं. पुढे, आम्ही मागे. इराची मैत्रीण आईवडिलांबरोबर सायकलवर भेटली. तिच्या बाबांनी सं.ला विचारलं, ऑफिस कुठे. सं. म्हणाला, लुकिंग अराउंड. इरा मध्येच, "माय बाबा एव्हरी डे हॉलिडे लाह!" सगळे हसले. सं.ही हसला. परतताना तो आणखीच पुढे चालत होता.

पुण्यातल्या कॉलेजातली कायम नोकरी सोडून आला हा माणूस. माझ्यासाठी. म्हणजे मी तसं म्हणत नाही, तोही म्हणत नाही. कुणीच म्हणत नाही.

इराला संध्याकाळी समजावलं. तिचं म्हणणं, पण खरंच आहे ना. खरंच आहे.

३१ मे, शुक्रवार

साफसफाई संपली. केल्विनने केक आणला. पंडानच्या पानांचा, हिरवागार. सगळ्यांसमोर म्हणाला, इतका स्वच्छ कोड त्याने पाहिला नाही, कुणीही उघडून वाचू शकेल. टाळ्या.

मग मला खोलीत बोलावलं. दार लावलं. कोड आता इतका स्वच्छ झालाय की वरच्यांनी ठरवलंय, याचं काम पुण्याच्या सेंटरला द्यायचं. जुलैपर्यंत मी त्यांना सगळं शिकवायचं.

"आणि माझं रिन्युअल?"

"वैशाली, आय ट्राइड."

पुण्याला! मी पुण्याहून इथे आले, आता माझं काम इथून पुण्याला चाललंय. मी मधल्या मध्ये. लिम अंकलच्या घाणीला हात लावायची कुणाची छाती नव्हती म्हणून ते साठीपर्यंत टिकले. मी मात्र आपल्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला, आणि तो आधी धुऊनपुसून घेतला.

केकचा तुकडा इराला नेला. तिला आवडला.

१ जून, शनिवार

सं.ला सांगितलं. भात लावत होता. कुकरचं झाकण लावून गॅस बारीक केला, मग म्हणाला, "परत जाऊन काय सांगायचं लोकांना?" माझ्या डोक्यात इराची शाळा, मोठ्या मिनतवारीने मिळालेली जागा, तिला धड मराठी वाचताही न येणं. त्याच्या डोक्यात लोक. त्याच्या कॉलेजातली जागा केव्हाच भरली.

पुण्याच्या सेंटरमध्ये मला घेतील का, हेही केल्विनला विचारलं होतं. तिथल्या भरतीला अर्ज कर, म्हणाला. त्याचा चेहरा बघून पुढे विचारलं नाही.

५ जून, बुधवार

पुण्याची मेघना आज पहिल्यांदा कॉलवर. इंग्रजीत सुरू केलं, मग तिने माझं आडनाव वाचलं आणि एकदम, "मॅम, तुम्ही मराठी? बरं झालं बाई!" हेडफोनमधून कुकरची शिट्टी ऐकू आली. आज घरून काम करते म्हणाली, मुलगा तापाने फणफणलाय. मुलासाठी पाच वर्षं घरी होती. परत नोकरी मिळवायला चपला झिजल्या, हे पहिलंच प्रोजेक्ट, सहा महिने प्रोबेशन. सगळं एका दमात सांगितलं.

तिचा राग करायचा असं ठरवून बसले होते. जमलं नाही, आणि त्याचाच राग आला.

७ जून, शुक्रवार

हुशार आहे. एकदा सांगितलं की पुरे. वाईट.

१२ जून, बुधवार

मेघनाला नियम लिहून दिले. त्यातला एक: जे दोनदा लिहिलंय ते एकदाच ठेव, फालतू पुनरुक्ती दिसली की काढून टाक. लिम अंकलच्या कोडमध्ये एकेक गोष्ट चार-चारदा असायची, त्यावर उतारा म्हणून. आता मला 'ताई' म्हणते. "ताई, तुमचा कोड वाचताना शाळेतल्या बाईंची वही वाचल्यासारखं वाटतं." थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

सं.चे आज दोन नकार, एकाच ईमेलमध्ये दोन वेगवेगळ्या जागांचे. त्यांनीही पुनरुक्ती टाळली.

१९ जून, बुधवार

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं. सुमात्रातल्या जंगलांच्या आगीचा धूर आलाय, इथे त्याला 'हेझ' म्हणतात, सगळं शहर करड्या चादरीखाली. समोरचा ब्लॉक दिसत नाही. खिडक्या बंद, इराला शाळेच्या सुट्टीतही घरात कोंडलंय, मास्क दुकानात मिळत नाहीत. सं. सकाळपासून तीन दुकानं हिंडला आणि रिकाम्या हाताने खोकत परत आला. मी ओरडले, तूच आता आजारी पड. तो म्हणाला, "पडलो तर कुणाचं काय अडतंय?"

त्यावर काही बोलायला हवं होतं. घसा दुखतोय असं स्वतःला सांगितलं.

२१ जून, शुक्रवार

धूर सगळ्यात वाईट आज, आणि आजच साइट पडली.

सकाळी मेघनाची पहिली फाईल लाइव्ह गेली, दरांची. गेली तशी बुकिंगचं पान कोरं. पत्त्यांचं कोरं. काहीच उघडेना. तिने पाठवण्याआधी तपासलं होतं, तिच्याकडे नीट चाललं होतं. फोनवर तिचा आवाज इतका बारीक. मी आधी जुनी फाईल परत चढवली, साइट चालू झाली, बंदरावरचा आरडाओरडा थांबला. मग नवीन उघडून बघितली.

पहिलीच ओळ.

var DOCK = {};

एवढंच. 'असेल तर तोच घे' हा भाग नाही. डॉक हे नाव ओळीत दोनदा येतं, तिला पुनरुक्ती वाटली, काढून टाकली. माझ्या नियमाप्रमाणे. तिने तपासलं त्या पानावर दरांची फाईल सगळ्यात आधी येते, नवीन डबा आला तरी बिघडत नाही. लाइव्हवर ती सगळ्यात शेवटी येते. भरल्या डब्याच्या जागी कोरा डबा. बाकीची कुठलीच वाटी शिल्लक नाही.

दुरुस्ती म्हणजे एक शब्द आणि दोन उभ्या रेघा.

केल्विन मास्क हनुवटीवर ओढून टेबलापाशी आला. वरून फोनवर फोन येत होते त्याला. "पुणे कॅन हँडल ऑर नॉट? टेल मी ऑनेस्टली. इफ कॅनॉट, आय गो अप अँड फाइट. वन मोर इयर फॉर यू. बट पुणे साइड ऑल्सो मस्ट चेंज द पर्सन." मग खुर्चीवर बसून हळूच, "इज इट बिग प्रॉब्लेम ऑर स्मॉल प्रॉब्लेम?"

मी म्हटलं, बघावं लागेल.

"मंडे मॉर्निंग कॅन?"

कॅन.

बघावं काय लागणार होतं? बघून झालं होतं.

२२ जून, शनिवार

सं.ला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण मग कुणाला सांगणार.

तो म्हणाला, "मोठं आहे म्हणून सांग."

"एका ओळीचं आहे."

"कुणाला कळणार आहे? केल्विनला कोड वाचता येतो?"

नाही येत, केकच्या दिवशीची तारीफ नुसती तोंडदेखली. इथे कुणालाच येत नाही आता. लिम अंकलना आला असता.

"आणि ती मेघना?"

"तिचा नवरा कमावतो ना?"

तो कमावतो की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलंच नाही. सं. परत म्हणाला, कमावतच असेल, कुणाचा ना कुणाचा कमावतोच. मग उठून ओटा पुसायला लागला.

हा तोच माणूस, ज्याने प्रिन्सिपॉलच्या भाच्याला कॉपी करताना पकडलं, तर सगळ्या कॉलेजशी वैर घेतलं पण कॉपीचा कागद परत दिला नाही. तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आज त्याच्या तोंडून हे ऐकून मला राग यायला हवा होता. रडू आलं. इथे येऊन त्याचं काय करून ठेवलं मी!

इरा खोलीतून ओरडली, "व्हाय आई क्रायिंग?" सं. म्हणाला, हेझमुळे. डोळे झोंबतात.

२३ जून, रविवार

धूर थोडा निवळला. खिडकी उघडली, समोरचा ब्लॉक परत जागेवर.

सं. न सांगता लिटल इंडियात गेला. कोथिंबीर, कढीपत्ता, आणि माझ्यासाठी चाफ्याची दोन फुलं. फुलं ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "मी काल म्हटलं ते विसर. तुला हवं ते कर."

हे तर त्याहून वाईट. कालचा सं. चुकीचा होता, पण निदान कुणीतरी माझ्या वतीने ठरवत होतं.

समजा म्हटलं, मोठं आहे. वर्षभर मिळेल. केल्विन 'मिळवीन' नाही म्हणाला, 'फाइट करीन' म्हणाला, म्हणजे तेही कदाचित. पुढच्या जूनला कोड असाच स्वच्छ असेल आणि मेघनाच्या जागी दुसरी कुणी. मग परत एक भानगड शोधू का? की आता मीच घाण करायला लागू, 'टेम्प', 'टेम्प टू'?

समजा म्हटलं, लहान आहे. जुलैअखेर विमान. सासूबाईंच्या घरातली मागची खोली. 'आलात का परत' असं विचारणारी सोसायटी. सं.चं परत लुकिंग अराउंड, या वेळी ओळखीच्या लोकांत. इरा नव्या शाळेत, शेवटच्या बाकावर.

दोन्हीकडून पान कोरंच येतं.

संध्याकाळी मेघनाचा ईमेल. मराठीत, इंग्रजी अक्षरांत: ताई, शुक्रवारपासून झोप नाही. नक्की कुठे चुकलं ते सांगाल का? मी तर तुमच्या नियमाप्रमाणेच केलं होतं. इथे मॅनेजर विचारतायत, मी त्यांना काय सांगू? मुलाचा ताप उतरला एवढं एक बरं झालं.

उत्तर लिहिलं. ती ओळ लिहिली, का लागते तेही लिहिलं, नियम माझा चुकला हेही लिहिलं. ड्राफ्टमध्ये ठेवलंय.

२४ जून, सोमवार

शाळा आज उघडली. इराचा युनिफॉर्म सुट्टीत आखूड झालाय. सं. म्हणाला, संध्याकाळी नवीन आणू. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, शिलाई उसवून बघ, आत कापड असेल. त्याने मान हलवली. 

चाफ्याचं एक फूल त्याने माझ्या पर्समध्ये घातलं होतं. सेरांगूनला फोन काढताना हाताला लागलं.

पोचले तेव्हा केल्विन माझ्या टेबलापाशीच उभा. शेजारी त्याची वरची बाई, जी आमच्या मजल्यावर कधी फिरकत नाही. स्क्रीनवर शुक्रवारपासून माझी मेलपेटी उघडीच, कडेला 'ड्राफ्ट' आणि पुढे आकडा १. ड्राफ्ट मराठीत, त्यांना त्यात काही वाचता आलं नसतं. तरी मी आधी ती खिडकी बंद केली. का केली?

"सो?" केल्विन म्हणाला. "बिग ऑर स्मॉल?"

त्याचे डोळे सुजलेले. तोही झोपलेला दिसत नव्हता. त्याला कुठलं उत्तर हवं होतं ते स्पष्ट दिसत होतं. माझ्यासाठीच हवं होतं त्याला. या सगळ्यातली सगळ्यात जड गोष्ट ही.

मी म्हटलं, एक मिनिट, चहा घेऊन येते.

म्हणून आता इथे पॅन्ट्रीत. चहा केव्हाच झाला. हे फोनवर लिहीत बसलेय. फोनवर तो ड्राफ्टही आहे, 'पाठवा'चं बटण त्याच्या खालीच. काचेतून दोघं दिसतायत. बाई घड्याळ बघतेय. केल्विनने माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवलीय.